काळा आधी की बिब्बा आधी

छावणीतल्या सिस्टरांच्या शाळेत आवडाबाईचं काम घंटा वाजवण्याचं, वर्ग झाडण्याचं आणि लहान मुलींना सांभाळण्याचं होतं. पण मुलींना ती ठाऊक होती ती काट्यांसाठी. मैदानाच्या कडेनं वेड्या बाभळी वाढलेल्या, आणि लंगडी खेळताना बूट काढून ठेवायची मुलींना खोड. रोज कुणी ना कुणी एका पायावर उड्या मारत पाण्याच्या टाकीपाशी यायचं. आवडाबाई पदराची सेफ्टीपिन काढायची, काडी ओढून तिचं टोक तापवायची आणि मुलीचा पाय सरळ आपल्या मांडीवर घ्यायची.

"रडतीस काय? काटा तुला टोचला का तू काट्याला?"

मुलगी हसायची. तेवढ्यात काटा बाहेर.

आवडाबाईचा जन्म पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी फुलंब्रीकडच्या एका खेड्यात झाला. तिकडे काटा काढून भागत नसे. वर बिब्बा लागायचा. काळा, सुपारीएवढा बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, त्यातून फसफसत तेल आलं की त्याचा थेंब जखमेवर द्यायचा. चर्र होतं, कातडी काळी पडते आणि मग म्हणे आत पू धरत नाही. काटा आत मोडून राहिला, त्याचं कुरूप झालं, तरी औषध तेच. आवडाबाईने शाळेतही हा प्रयोग चालवला होता. मग एकदा एका मुलीच्या पायावर बिब्बा उतला. घोट्यापर्यंत फोड आले. प्रिन्सिपल सिस्टरांनी आवडाबाईला शिक्षिकांच्या खोलीत बोलावलं आणि मोडक्या मराठीत एकच वाक्य सांगितलं, "आवडाबाई, आजपासून बिब्बा बंद. पिन चालेल." सगळ्या शिक्षिकांसमोर ऐकलेलं ते वाक्य तिला फार लागलं होतं. त्यानंतर शाळेत तिने बिब्ब्याचं नाव काढलं नाही. डॉक्टर, सिस्टर, मास्तर असल्या माणसांपुढे बिब्बा म्हणायचं नसतं, हे तिने मनाशी कायमचं धरलं.

शाळा सुटली, म्हणजे वयाने सुटली. मुकुंदवाडीला मुलगा बन्सी आणि सून द्वारका यांच्याकडे ती राहू लागली. बन्सी चिकलठाण्याच्या एका कंपनीत. घर रेल्वे स्टेशनच्या अलीकडे, दोन खोल्यांचं. आवडाबाई सकाळी उठून भाजी आणायला चालत जायची, चालत यायची. रिक्षात बसायचं म्हटलं की म्हणायची, "पाय का भाड्यानं दिलेत माझे?"

एका उन्हाळ्यात तिच्या उजव्या टाचेवर काळा डाग दिसला. शाई सांडावी तसा. सपाट, न दुखणारा. काठ मात्र वेडावाकडा, टाचेच्या कडेपर्यंत गेलेला. आवडाबाईने अंगठ्याने दाबून पाहिला. आत काटा मोडला असणार, दुसरं काय?

"आत्याबाई, हे दाखवून घ्या," द्वारका म्हणाली. ती आवडाबाईच्या भावाचीच मुलगी, म्हणून ती लग्नानंतरही आत्याबाईच म्हणे.

"काय दावायचं? कुरूप हाय."

"कुरूप एवढं काळं असतंय व्हय?"

"म्या हजार कुरपं पाह्यली. तू किती?"

द्वारका गप्प बसणारी नव्हती. तिने बन्सीच्या मागे लकडा लावला आणि बन्सीने आईला स्कूटरवर घालून औरंगपुऱ्यात डॉ. सगीरांच्या दवाखान्यात नेलं. सगीरा कातडीची डॉक्टर. त्याच शाळेत शिकलेली, शहागंजातल्या शफीक कापडवाल्यांची मुलगी. लहानपणी फार रडकी होती आणि काट्यांनाही तिचे पाय फार आवडायचे.

आवडाबाईला पाहून सगीरा खुर्चीतून उठली. "मावशी! तुम्ही? अन् एवढ्या लोकांत बाहेर बसून राहिलात?"

"नंबरानं आले. तू डाक्टरीण झालीस म्हणून काय रांग मोडू?"

"काय होतंय?"

"कुरूप झालंय टाचंला. ह्या पोरांनी उगं आणलं."

सगीरा वाकली. आवडाबाईने चटकन पाय लुगड्यात ओढून घेतला. "नाय, नाय. रस्त्याची घाण हाय त्या पायाला. तुझ्या तोंडापुढं तळपाय धरू का मी? लोक काय म्हणतील, आयाबाईनं डाक्टरणीला पाय धरायला लावलं!"

बाहेर माणसं दाटली होती. सगीरा हसली. ज्या बाईच्या मांडीवर आपण पाय ठेवून मोठे झालो, तिला पायांबद्दल आपण काय शिकवायचं, असंच काहीसं तिच्या मनात आलं असावं. "बरं बाई. तुम्ही कुरूप म्हणताय म्हणजे कुरूपच. तुमच्याएवढे तळवे मी तरी कुठे पाहिलेत?" तिने कुरूप मऊ करणारी पट्टी लिहून दिली, फी घेतली नाही आणि दारापर्यंत पोचवायला आली.

पट्टीने काही झालं नाही. आवडाबाईने ती काढून फेकली आणि फुलंब्रीच्या बाजारातून बिब्बे मागवले.

सात-आठ महिने ती तो डाग जाळत राहिली. द्वारका कामाला गेली की दिवा लावायचा, बिब्बा तापवायचा, थेंब द्यायचा. कातडी करपायची, खपली धरायची, खपली पडली की पुन्हा काळंच. डाग आता आणखी गडद झाला होता. पण बिब्ब्यानेही कातडी काळी होतेच, तेव्हा कुठला काळा कुणाचा हे बघायला आवडाबाईला सवड नव्हती. मुळापासून जायला वेळ लागतो, असं ती स्वतःला सांगायची.

मग एक दिवस द्वारकाला फरशीवर मोरीपासून चुलीपर्यंत लाल ठसे दिसले. एकाच पायाचे. आवडाबाईला तर कळलंही नव्हतं. टाच दुखतच नव्हती.

या खेपेला सगीराने विचारलं नाही. तिने सरळ जमिनीवर बसून पाय हातात घेतला, सलाईनने पुसला, भिंगाचा दिवा लावला.  आवडाबाई वरून तिच्या केसांचा भांग बघत राहिली. सगीराने पाय हातातून न सोडता मान वर केली.

"मावशी, हे कुरूप नाही."

"मंग काय हाय?"

"तुकडा काढून तपासावा लागेल."

कडेचा एक तुकडा काढून तपासणीला गेला. रिपोर्ट आला: भाजलेली कातडी, मेलेल्या पेशी, सूज. कॅन्सर दिसत नाही. बन्सीने पेढे आणले. आवडाबाईने एक पेढा द्वारकाच्या तोंडात कोंबून म्हटलं, "खा. कुरूप काळं असतंय का, इचारत व्हतीस."

सगीराने मात्र पेढा हातातच धरून ठेवला. टाचेवरच्या फुटलेल्या फोडाच्या बाहेर, चांगल्या कातडीवर, तिला एक तपकिरी रेघ सरकत गेलेली दिसली होती. तिने तोच तुकडा मुंबईच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात पाठवला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी लिहिलं: वरचा थर जळून गेल्यामुळे नीट वाचता येत नाही, पण खालच्या कोपऱ्यात काही पेशी अशा आहेत की मेलॅनोमा नाही असं मी म्हणणार नाही.

मेलॅनोमा हा शब्द आवडाबाईने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सगीराने समजावून सांगितलं. कातडीला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांचा हा कॅन्सर. गोऱ्या लोकांच्या देशांत तो पुष्कळ, उन्हाने होतो. आपल्याकडे क्वचित, आणि होतो तो जिथे ऊन कधी लागत नाही अशा जागी, तळव्याला किंवा नखाखाली. का होतो ते कुणाला धड माहीत नाही, कारण एकेका गावात असे रोगी सापडतात किती? बरीचशी औषधं त्या गोऱ्या लोकांवर तपासलेली. एका डॉक्टरच्या जन्मात चार-पाच रोगी, तेही उशिरा आलेले. म्हणून आता सगळे मिळून बसतात. इथले, मुंबईचे, तुकडे एकमेकांना पाठवतात.

"मिळून काय करतेत?"

"भांडतात," सगीरा म्हणाली. "मग कधी कधी काही कळतं."

मंगळवारी सरकारी कॅन्सर रुग्णालयात अशी बैठक असे. आवडाबाईला बाहेर बाकावर बसवलं होतं, पण दार अर्धवट उघडं होतं आणि आतले आवाज बाहेर येत होते. भिंतीवरच्या पडद्यावर मुंबईच्या त्याच मॅडम दिसत होत्या, चष्मा डोक्यावर सारलेल्या, हिंदीत बोलणाऱ्या. इकडचे सर्जन डॉ. सांडू. उंच, आवाज फाटका, स्वभाव तापट.

"मॅडम, शक है, शक है, इस पे मैं टाच नहीं काट सकता," सांडू म्हणत होते. "टाच गेली की बाई उभी राहील का नाही सांगता येत नाही. हिला कुणी भाजलंय का आधी ते सांगा मला. कातडी अशी आपोआप जळते काय?"

"वही तो मैं पूछ रही हूँ. ये जला कैसे?"

सगीरा बाहेर आली आणि आवडाबाईला हात धरून आत घेऊन गेली. एवढ्या डॉक्टरांत मधोमध खुर्ची. पडद्यावरच्या बाईही टक लावून बघत होत्या.

"मावशी," सांडूंनी विचारलं, "पायाला काय लावत होता?"

"खोबऱ्याचं त्याल."

"खोबरेलानं कातडी जळत नसते. ॲसिड? चुना? कुठल्या बाबाचं काही?"

आवडाबाई जमिनीकडे बघत राहिली. दाराशी बन्सीच्या मागे द्वारका उभी होती. तिला राहवलं नाही. "बिब्बा लावत्यात, सायेब. मला पेटीत सापडले. अर्धा किलो."

"बिब्बा!" सांडूंनी कपाळाला हात लावला. दोन-तीन डॉक्टर एकदम बोलू लागले.

"ये बिब्बा क्या होता है?" मुंबईहून प्रश्न आला.

"धोबी कपड्यांवर खूण करतात ना मॅडम, वो काला फल."

"बच्चों की कमर में बांधते हैं, नज़र न लगे इसलिए."

"बाळंतिणीच्या लाडवात त्याची गोडंबी..."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "ये चमड़ी को जलाता भी है और काला भी करता है?"

"दोन्ही."

 मग मॅडमनी सावकाश विचारलं, आणि सगीराने ते मराठीत सांगितलं. "मावशी, नीट आठवून सांगा. आधी काळा डाग होता आणि म्हणून बिब्बा लावला? की आधी बिब्बा लावला आणि त्यानं काळं झालं?"

डॉ. सांडूंनी त्याचा अर्थही तिथेच उलगडून टाकला. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. "बिब्बा आधी असेल तर हे सगळं बिब्ब्याचं भाजणं आहे. बिब्बा बंद करा, मलम लावा, घरी जा. काळा आधी असेल तर खोलवर तुकडा काढायचा, अन् ते निघालं तर टाच जाईल."

आवडाबाईला सगळं आठवत होतं. तो उन्हाळा, शाई सांडल्यासारखा सपाट डाग, पेटीत एकही बिब्बा नसलेले ते दिवस. पण टाच! साऱ्या जन्मात कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता ती चालली होती.

"बिब्बा आदी," ती म्हणाली. "काटा मोडला, म्हून बिब्बा लावला. मंग काळं झालं."

सांडूंनी सगीराकडे पाहिलं. "तुमच्याकडे आल्या होत्या ना पहिल्यांदा? तेव्हा काय होतं?"

"कुरूप," सगीरा म्हणाली.  "कुरूप म्हणून आल्या होत्या."

"झालं तर मग. मलम."

आवडाबाई त्या दिवशी स्टेशनपासून घरापर्यंत चालत आली. कुणाचं ऐकलं नाही.

महिना सव्वा महिना गेला. बिब्बा बंद होता. द्वारकाने पेटीला कुलूप घातलं होतं. फोड भरत आला नाही. आणि एका सकाळी आंघोळ करताना आवडाबाईच्या हाताला जांघेत गाठ लागली. लिंबाएवढी, घट्ट. तिला नवल वाटलं नाही. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतंच. खेड्यात लहान पोरालाही ते ठाऊक असतं. जखम वाळली की ते जातं. तिने मिठाच्या पुरचुंडीने शेक घेतला. पण गाठ हलेना, आणि मांडी जड वाटू लागली, तेव्हा द्वारकाने पुन्हा बन्सीला पुढे घातलं.

डॉ. सांडूंनी गाठ चाचपली आणि सुई मागवली. सगीराही आली होती. आवडाबाई पलंगावर पडल्या पडल्या छताच्या पंख्याकडे बघत होती. सुई आत गेली. तिने दात आवळले.

"झालं का?"



तिने मान उचलून पाहिलं. सांडूंच्या हातात सिरिंज होती आणि सिरिंजमध्ये काळं पाणी होतं. रक्त नाही, पू नाही. काजळ कालवल्यासारखं काळं. ते तिच्या आतून आलं होतं. नर्स हातातला कापूस तसाच धरून उभी राहिली. 

आवडाबाई कोपरावर उठली. "हे काय हाय? माझ्यात कुठनं आलं हे?"

सांडूंचा फाटका आवाज खाली उतरला होता. "मावशी, बिब्बा टाचेला लावला होता. जांघेत बिब्बा कसा जाईल?"

पुढचे दोन दिवस आवडाबाई जेवली, झोपली, बोलली. पण सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं तिला वाटत होतं. मधेच ती हात मांडीवर ठेवायची आणि काढून घ्यायची. बन्सी रडला. द्वारका रडली नाही. तिने कपाट आवरलं, पुन्हा आवरलं.

मंगळवारी पुन्हा तीच खोली, तोच पडदा. आता मेलॅनोमा आहे की नाही हा वाद उरला नव्हता. गाठी काढायच्या हे ठरलं होतं. वाद टाचेचा होता. फोडाभोवती कातडी काळपट दिसत होती, पार टाचेच्या कडेपर्यंत. तिथले चार तुकडे काढून तपासले होते. जळलेल्या कातडीमुळे इकडचे डॉक्टर एक म्हणत, मुंबई दुसरंच म्हणे.

सांडूंनी टेबलावर कागद ओढून टाचेचं चित्र काढलं आणि आवडाबाईला दाखवलं. "हा मधला फोड. हा कापायचाच. पण हा भोवतीचा काळपट भाग बिब्ब्याचा डाग असेल, तर मी तो ठेवतो. अर्धी टाच राहील. काठीनं का होईना, टेकवून चालाल. तो भाग रोगाचा असेल तर सगळं जाईल, कडेपर्यंत. तळव्याच्या खोलगट भागातली कातडी फिरवून तिथे बसवावी लागेल. ती टाचेसारखी भार घेईलच असं नाही."

"आन् ठिवली तर?"

"रोगाची असून ठेवली, तर तो तिथूनच पुन्हा चढणार."

तेवढ्यात पडद्यावरच्या मॅडम बोलू लागल्या. त्यांच्या शेजारी एक तरुण डॉक्टर येऊन बसला होता, डोळे चमकत होते. मॅडमचं म्हणणं सगीराने भराभर सांगितलं. बिब्बा आधी लावला, सात-आठ महिने कातडी जाळली, आणि मग तिथेच हा कॅन्सर, असं असेल तर ते अजून कुणी लिहिलेलं नाही. हे सगळ्या जगाला कळवायला हवं. केरळचे, कोलकात्याचे डॉक्टर आपापल्या रोग्यांना विचारणार आहेत, पायाला काय लावत होता म्हणून. तळव्याला हा रोग का होतो याचा पहिला धागा कदाचित इथून मिळेल.

"इस पेशंट की हिस्ट्री से शुरू करेंगे," तो तरुण डॉक्टर म्हणाला.

"काय म्हणतंय ते पोरगं?" आवडाबाईने विचारलं.

"म्हणतोय की तुमच्या सांगण्यापासून सुरुवात करणार. बिब्ब्यामुळे कॅन्सर होतो का, ते शोधणार. मोठमोठे लोक कामाला लागणार आहेत मावशी, सगळीकडचे."

आवडाबाई ऐकतच राहिली. आपण त्या दिवशी टाच वाचवायला चार शब्द बोललो. ते शब्द मुंबईला गेले, केरळला निघाले, शिकलेली माणसं ते डोक्यावर घेऊन धावत सुटली! आपल्या तोंडचं एवढं खरं कुणी मानलं नव्हतं कधी. तिच्या अंगावर काटा आला.

"त्यांला थांबाय सांग," ती म्हणाली.

"काय?"

"काळा आदी व्हता."

खोलीत कुणाला नीट ऐकू आलं नसावं. सांडू पुढे झुकले. "काय म्हणालात?"

"काळा आदी व्हता म्हणते ना! सगळा. बिब्बा मागनं लावला. बिब्ब्याच्या आदीच काठापर्यंत शाईवाणी पसरलेला व्हता." तिने कागदावरच्या टाचेवर बोट फिरवलं, फोडाच्या बाहेरून, पार कडेने. "हितपातुर. टाच ऱ्हावी म्हून त्या दिवशी तसं बोलले."

सांडूंनी तिच्या बोटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय सांगताय? आता सगळी टाच जाणार."

"बहिरी नाय मी."

पडद्यावर तो तरुण डॉक्टर मॅडमशी कुजबुजत होता. मॅडमनी हात वर करून त्याला थांबवलं आणि सावकाश विचारलं, "डॉक्टर सगीरा, तो फिर बिब्बा कब शुरू हुआ? आपके पास आने के पहले या बाद में?"

सगीरा आवडाबाईकडे वळली. प्रश्न सांगायची गरज नव्हती. हिंदी आवडाबाईला पुरेसं कळत होतं. आणि आता तिला दुसरंही कळलं होतं, की या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या अंगावर पडणार आहे.

"ध्यानात नाय आता," ती म्हणाली.

"मावशी."

"म्हातारं माणूस मी. नाय ध्यानात."

"मावशी, त्या दिवशी तुम्ही माझ्या दवाखान्यात आलात तेव्हा पायाला बिब्बा लागला होता?"

 आवडाबाईने मान हलवली, नाही.

"नुसता काळा डाग होता?"

"तुझा काय दोष? म्याच पाय वढून घेतला."

सगीरा पडद्याकडे वळली. तिचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज स्पष्ट होता. "मॅडम, लिख लीजिए. बिब्बा बाद में. पहले सिर्फ़ काला दाग़ था, साफ़, बिना जला हुआ. उसी हालत में मेरे पास आई थीं. मैंने तलवा देखा ही नहीं. इन्होंने कहा कॉर्न है, मैंने मान लिया."

 मग आवडाबाईच संतापली. "आगं, कशाला सांगितलंस? तुला कुणी इचारलं व्हतं व्हय? शाणी म्हून मिरवायचं लहानपणापासनं! आता तुझ्याकडं कोण यील?"

"तुम्ही तुमचं सांगितलंत ना?"

"माझी टाच हाय. तुझं काय व्हतं?"

 डॉ. सांडूंनी समोरचा कागद घेतला आणि आवडाबाईचं बोट जिथून फिरलं होतं तिथून पेनाने रेघ ओढली.

ऑपरेशन झालं. टाच गेली, जांघेतल्या गाठी गेल्या. नवी कातडी बसली, पण तिला तिथलं काही जाणवत नसे. पाय टेकला की कापसावर टेकल्यासारखं वाटे. वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायला पावसाळा उजाडला. काढलेल्या टाचेचे तुकडे मेणाच्या वडीत बसवून मुंबईला गेले होते. त्यातल्या पेशींच्या जनुकांत एक बदल सापडला; रक्ताच्या एका कॅन्सरवर जी गोळी देतात, ती अशा बदलावर कधी कधी लागू पडते. लागू पडेल का, किती दिवस पडेल, हे कुणी छातीठोक सांगेना. गोळी सुरू झाली. पायांना सूज आली, डोळ्यांखाली आली. स्कॅनच्या फोटोत मात्र नवी गाठ नव्हती.

सगीरा दर पंधरवड्याला मुकुंदवाडीला यायची. एकदा ती मुंबईच्या अभ्यासात आवडाबाईबद्दल काय लिहिलंय ते सांगत होती. वय, जागा, किती खोल, कुठला बदल.

"आन् कशानं झालं ते काय लिव्हलंय?"

"कारण अज्ञात."

"म्हंजी?"

"म्हणजे माहीत नाही."

आवडाबाईने वॉकरची दांडी घट्ट धरली. एवढे डॉक्टर, एवढ्या मशिनी, पडद्यावरची ती बाई, ते कुठकुठले तुकडे. तिला वाटलं होतं, आपण खरं सांगितलं म्हणजे आता त्यांना खरं कळलं असेल. सगीरा थट्टा तर करत नाही ना, अशा नजरेनं तिने तिच्याकडे पाहिलं.

"कुणालाच म्हायती नाय?"

"कुणालाच नाही, मावशी. बिब्बा नाही, एवढं कळलं. बाकी अजून शोधायचंय. म्हणून तर तुमचा तुकडा त्यांनी ठेवून घेतलाय."

 द्वारकाने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

"मंग नीट ठिवा म्हणावं," ती अखेर म्हणाली. "फेकूनबिकून देतील."